हॅरिएट टबमनचा ऑबर्नमधला वृद्धाश्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजला आमच्याकडे भारतातून पाहुणे आले की नायगारा ठरलेलाच असतो. मी त्यात एक दिवस ऑबर्नसाठी काढते. आमच्या घरापासून गाव जेमतेम चाळीस किलोमीटर. मामा, मावशी, पुण्याहून आलेली भाची, नवऱ्याचे कॉलेजातले मित्र, सगळ्यांना तिथे नेऊन झालंय आणि सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. गाडीत पुन्हा पुन्हा दिलेली उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत.

हॅरिएट टबमन म्हणजे ती भुयारी रेल्वेवाली ना?

तीच. पण भुयार नव्हतं आणि रेल्वेही नव्हती. हा प्रश्न दर खेपेला येतो आणि विचारणारा जरा ओशाळतो, म्हणून आधी सांगून टाकते. ‘अंडरग्राउंड रेलरोड’ म्हणजे गुलामीतून पळालेल्या माणसांना एका घरातून दुसऱ्या घरात लपवत उत्तरेकडे पोचवणाऱ्या लोकांची साखळी. बोलीभाषा मात्र रेल्वेची: लपायचं घर ते ‘स्टेशन’, वाट दाखवणारा तो ‘कंडक्टर’. हॅरिएट ही कंडक्टर. जन्म १८२२च्या सुमारास, मेरीलँड राज्यात, गुलाम आईबापांच्या पोटी. मूळ नाव अरामिंटा रॉस, घरात ‘मिंटी’. १८४९मध्ये ती एकटी पळाली आणि मग माणसं सोडवायला पुन्हा पुन्हा त्याच मुलखात गेली.

तिने ३०० जणांना सोडवलं म्हणतात, ते खरं का?

३०० आणि १९ खेपा हे आकडे जुन्या पुस्तकांतून आले. अलीकडच्या संशोधकांनी कागदपत्रं तपासून काढलेला हिशेब साधारण १३ खेपा आणि सत्तरेक माणसांचा आहे. मला विचाराल तर आकडा कमी झाल्याने काही बिघडत नाही. जिथून आपण जीव घेऊन पळालो तिथे तेरा वेळा परत जाणं म्हणजे काय, याचा विचार करा. शिवाय यादवी युद्धात १८६३च्या जूनमध्ये साउथ कॅरोलायनात कोंबाही नदीवर उत्तरेच्या सैन्याने जो छापा घातला, त्यात ती वाटाड्या होती आणि त्या एका रात्रीत सातशेहून जास्त माणसं सुटली. ते या सत्तरात धरलेले नाहीत.

पण ती दक्षिणेकडची. ऑबर्नला कशी आली?

आईबापांमुळे. १८५०च्या कायद्याने पळालेला गुलाम उत्तरेतल्या राज्यांतही पकडून मालकाकडे परत पाठवता येत असे, त्यामुळे तिने आपल्या माणसांना थेट कॅनडात, सेंट कॅथरिन्सला नेऊन ठेवलं होतं. १८५७मध्ये म्हाताऱ्या आईवडलांनाही तिथेच नेलं. पण उतारवयात त्यांना तिथली थंडी झेपेना. मेरीलँडच्या समुद्रकाठी आयुष्य गेलेली माणसं ती.

तेव्हा १८५९मध्ये ऑबर्नच्या वेशीवरची सात एकर जागा, घरासकट, तिला १२०० डॉलरना मिळाली, तीही हप्त्यांनी. विकणारा विल्यम सिवर्ड, तेव्हा सेनेटर, पुढे लिंकनचा परराष्ट्रमंत्री. रशियाकडून अलास्काची खरेदी केली तो हाच. दोनच वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाने काळा माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही असा निकाल दिला होता. कायद्याच्या नजरेत हॅरिएट फरारी होती. अशा बाईच्या नावे जमीन करून देणारा सेनेटर आणि ती बिनदिक्कत घेणारी बाई, दोघांचीही छाती मोठीच म्हणायची.

म्हणजे या सगळ्याची सुरुवात झाली ती दोन म्हाताऱ्या माणसांना ऊब मिळावी म्हणून. ऑबर्नला तरी कसली ऊब! आमच्याकडे एप्रिलमध्येसुद्धा बर्फ पडतं. पण कॅनडापेक्षा बरं, एवढंच.

वृद्धाश्रम नेमका कधी सुरू झाला?

कागदोपत्री २३ जून १९०८ रोजी. बँड वाजत होता, लोक जमले होते, आणि शहाऐंशीच्या आसपासची हॅरिएट खांद्यांभोवती अमेरिकेचा झेंडा गुंडाळून आली होती.

पण माझं उत्तर १८५९ आहे. आईवडील आले, भाऊ आले, भावांची कुटुंबं आली. युद्ध संपल्यावर तर रीघच लागली. कोणी आंधळं, कोणी हातापायांनी अधू, कोणी पोरकं मूल, कोणी नुसतंच थकलेलं. दारात आलेल्याला तिने परत पाठवलं नाही. नेल्सन डेव्हिस हा युद्धातून आलेला तरुण शिपाई आधी भाडेकरू म्हणून राहिला आणि १८६९मध्ये तिचा दुसरा नवरा झाला. तोही क्षयाने आजारी असायचा. म्हणजे सेवा करायला आणखी एक.

एवढ्या माणसांचं चालायचं कसं? डुकरं आणि कोंबड्या पाळायची, भाजी पिकवून विकायची, लोकांच्या घरी कामाला जायचं, जमिनीवरच्या मातीच्या विटा पाडायच्या. तरी कमी पडलंच तर टोपली घेऊन गावातल्या ओळखीच्या दारांत उभं राहायचं. ऑबर्नमधली गोरी आणि काळी, दोन्ही घरं तिला धान्य आणि कपडे देत. १८८०च्या दशकात लाकडी घर जळालं, तेव्हा त्याच जागी विटांचं बांधलं. ते घर अजून उभं आहे.

पाटी नव्हती, नोंदवही नव्हती, विश्वस्त नव्हते. पण वृद्धाश्रम म्हणतात तो हाच की आणखी कुठला?

मुलंबाळं सांभाळत नव्हती का? निराळ्या आश्रमाची गरज काय?

हा मामाचा प्रश्न. आपल्याकडे वृद्धाश्रम म्हटलं की मुलांकडे बोट दाखवायची सवय, म्हणून तो येतोच.

इथे गोष्ट वेगळी होती. मुलं कुठे आहेत हेच माहीत नसलेले हे आईबाप होते. हॅरिएटच्याच तीन बहिणी दक्षिणेत विकल्या गेल्या आणि पुन्हा कधी भेटल्या नाहीत. गुलामांच्या लग्नाला कायद्यात किंमत नव्हती, जन्माची नोंद नव्हती. पन्नास-साठ वर्षं राबून हातात मजुरीचा एक पैसा नाही. माणूस साठीला स्वतंत्र झाला तो अंगावरच्या कपड्यांनिशी. म्हातारपणच्या सरकारी पेन्शनचा कायदा अमेरिकेत आला १९३५मध्ये, आणि त्यातूनही सुरुवातीला शेतमजूर आणि घरकामवाल्यांना वगळलं होतं. म्हणजे बहुतेक काळी माणसं बाहेरच.

गोऱ्यांच्या धर्मादाय वृद्धाश्रमांचे दरवाजे सहसा बंद असत. उरे तो सरकारी गरीबखाना, ज्याच्या नावाने गरीब माणूस चळाचळा कापायचा. म्हणून काळ्या लोकांनी जिथे जमेल तिथे आपलीच घरं काढली. फिलाडेल्फियात तर युद्ध चालू असतानाच, १८६४मध्ये, असं एक घर निघालं होतं. त्याचा मोठा आश्रयदाता स्टीफन स्मिथ हा लाकडाचा काळा व्यापारी, स्वतः जन्माने गुलाम. १८९६च्या जुलैमध्ये वॉशिंग्टनला काळ्या स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेची स्थापना झाली, तेव्हा हॅरिएटने तिथे जाऊन मागणी केली ती हीच: आपल्या म्हाताऱ्यांसाठी घरं हवीत.

जमिनीला पैसा कुठून आला?

सगळ्यांचा आवडता भाग. माझाही.

तिच्या सात एकरांना लागून २५ एकरांचा तुकडा होता, त्यावर बांधलेली घरंही होती. १८९६मध्ये तो लिलावात निघाला. हॅरिएट गेली. खोलीत सगळे गोरे. ती पुढे सांगायची, दुधाच्या बादलीत ब्लॅकबेरी पडावी तशी मी दिसत होते. (आपल्याकडची कुणी असती तर जांभूळ म्हणाली असती.) म्हणून ती एका कोपऱ्यात दडून बसली. बोली खालून सुरू झाली. कोपऱ्यातून आवाज यायचा आणि आकडा पन्नासने वर जायचा. बाराशे, तेराशे, चौदाशे. कोण बोलतंय ते कुणाला दिसेना. १४५० डॉलरवर बाकीचे गप्प झाले. लिलाव पुकारणाऱ्याने विचारलं, घेणार कोण?

“हॅरिएट टबमन!”

खोलीत काय झालं असेल ते सांगायला नको. या म्हातारीकडे एवढा पैसा आला कुठून, असं त्यांनी विचारलं, आणि विचारताना जो शब्द वापरला तो इथे लिहीत नाही. पैसे होतेच कुठे? ती तिथून निघाली ती देवाला सांगायला, की बाबा, एवढं केलंय, आता पुढचं तू बघ. देवाने बघितलं ते बँकेच्या मार्फत. जमीन तारण ठेवून कर्ज निघालं, उरलेल्याची तजवीज आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल झायन या तिच्या चर्चने केली.

त्या वेळी तिला महिन्याला ८ डॉलर पेन्शन होतं. भागाकार करून बघा: १४५० म्हणजे पंधरा वर्षांचं पेन्शन. आणि बाईचं वय चौऱ्याहत्तरच्या आसपास.

पेन्शन तिच्या स्वतःच्या कामाचं ना?

नाही. ते ८ डॉलर १८९५मध्ये मंजूर झाले ते नेल्सन डेव्हिसची विधवा म्हणून. युद्धात ती परिचारिका होती, वाटाडी होती, हेर होती. त्याबद्दल काही मिळावं म्हणून तिने आणि तिच्या ऑबर्नच्या स्नेह्यांनी कितीतरी वर्षं अर्ज केले. शेवटी १८९९मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, रक्कम २० डॉलर केली. वरचे १२ परिचारिकेच्या कामाचे. हेरगिरीचे शून्य.

१८९६ला जमीन घेतली आणि १९०८ला उद्घाटन. मधली बारा वर्षं?

कर्ज, कर, आणि वर्गणी. ज्याने गावात साधी व्यायामशाळा किंवा वाचनालय उभं केलंय त्याला जास्त सांगावं लागणार नाही. दरम्यान माणसं येतच होती आणि तिच्या घरात राहतच होती. १९०३मध्ये तिने ती २५ एकर जमीन, कर्जासकट, चर्चच्या नावे करून दिली. एकटीच्याने ओढवत नव्हतं. मुख्य इमारतीला जॉन ब्राउनचं नाव दिलं. गुलामी मोडायला हत्यार उचललेला आणि १८५९मध्ये फासावर गेलेला गोरा माणूस. हॅरिएट त्याला ओळखत होती, मानतही होती.

मग आश्रम तिचा की चर्चचा? त्या शंभर डॉलरांची काय भानगड?

इथे मी थोडी रेंगाळते, कारण माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे.

चर्चकडे कारभार गेल्यावर नियम झाला की प्रवेशाला १०० डॉलर भरावे लागतील. हॅरिएटच्या वाढीव पेन्शनच्या हिशेबाने पाच महिन्यांचं उत्पन्न. ती भडकली. तिचं म्हणणं नोंदलेलं आहे, त्याचा आशय असा: मी घर त्यांच्या हवाली केलं आणि यांनी काय केलं, तर शंभर डॉलर असल्याशिवाय कुणी आत यायचं नाही असा नियम. मला उलटा नियम करायचा होता. ज्याच्याकडे दमडी नाही त्यालाच आत घ्यायचं.

वाचताना आपण लगेच तिच्या बाजूचे होतो. मीही झाले. मग आत्याची आठवण येते. आत्याला ठेवण्यासाठी मी आणि माझा भाऊ एका संस्थेत गेलो होतो, नाव सांगत नाही. भिंतीवर संस्थापकांचा हार घातलेला फोटो, खाली सेवेबद्दलचं वचन, आणि टेबलावर अनामत रकमेचा छापील तक्ता. एक खाटेची खोली, दोन खाटांची खोली, परत न मिळणारी रक्कम लाल शाईत. भाऊ फोटोकडे बघून काहीतरी खवचट बोलला. टेबलापलीकडच्या बाईंनी शांतपणे मागच्या महिन्याचं विजेचं बिल काढून आमच्यापुढे ठेवलं. आम्ही चेक लिहिला.

चर्चच्या लोकांनाही असंच कुठलं तरी बिल दिसत असणार. ऑबर्नच्या हिवाळ्यात घर तापवायला कोळसा लागतो, आजाऱ्यांजवळ पगारी माणूस लागतं. हॅरिएटने जे चाळीस-पन्नास वर्षं चालवलं ते तिच्या दोन हातांवर आणि गावातल्या तिच्या नावलौकिकावर चालत होतं. ही दोन्ही तिच्याबरोबर जाणार होती, आणि हे चर्चला दिसत होतं. तिला बहुधा दिसत नव्हतं, किंवा दिसूनही मान्य नव्हतं. माझी भाची म्हणाली, “पण मावशी, जिच्या नावावर वर्गणी गोळा होते तिचंच ऐकायचं नाही, हे काही बरोबर नाही.” तेही खरं. गाडीत यावर एकमत झाल्याचं मला आठवत नाही.

तिला लिहिता-वाचता येत होतं का?

नाही. पत्रं दुसऱ्यांकडून लिहून घ्यायची. २५ एकरांची बोली लावताना त्याने काही अडलं नाही.

ती स्वतः त्या आश्रमात राहिली का?

शेवटची दोन वर्षं. १९११मध्ये प्रकृती खालावली, तेव्हा शेजारच्या आपल्या घरातून तिला आश्रमात आणलं. ती आजारी आणि कफल्लक आहे, असं न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आलं आणि थोडी मदत जमली. न्यूमोनियाने १० मार्च १९१३ रोजी ती तिथेच गेली. फोर्ट हिल दफनभूमीत पुरलं, लष्करी मानाने. तिची दगडी समाधी दिसायला अगदी साधी आहे. मागे एक भलंमोठं झाड आहे, त्यामुळे शोधायला सोपी.

पुढच्याच वर्षी गावाने तिच्या नावाची ब्राँझची पाटी लावली आणि त्या समारंभाला काळ्या समाजाचे तेव्हाचे मोठे नेते बुकर टी. वॉशिंग्टन आले होते.

तिच्यानंतर आश्रमाचं काय झालं?

थोडक्यात सांगायचं तर, रखडला. चर्चने आणि काळ्या स्त्रियांच्या मंडळांनी काही वर्षं निभावून नेलं, १९२०च्या दशकात तो बंद पडला. इमारती ओस पडल्या. जॉन ब्राउनच्या नावाची इमारत ढासळत गेली आणि पाडली गेली. दुसरं एक लाकडी घर होतं, तेही मोडकळीला आलं होतं. १९५३मध्ये चर्चने बिशप विल्यम वॉल्स यांच्या पुढाकाराने ते दुरुस्त करून उभं केलं. आज आपण ‘वृद्धाश्रम’ म्हणून बघतो ते हे पांढरं लाकडी घर.

जॉन ब्राउन इमारतीचा पाया सिराक्यूज विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी उकरून काढला. डग्लस आर्मस्ट्राँग या प्राध्यापकांनी तिथे वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना घेऊन खोदकाम केलं. विटा भाजल्याच्या खुणाही सापडल्या.

आता तिथे म्हातारी माणसं राहतात का?

नाही. मावशी हे ऐकून दर खेपेला हळहळते (ती दोनदा आली आहे). १९७४मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ, आणि १० जानेवारी २०१७पासून हॅरिएट टबमन राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान. जागेची मालकी अजून मुख्यतः चर्चशी जोडलेल्या संस्थेकडे आहे, राष्ट्रीय उद्यान खातं भागीदार. मेरीलँडमध्ये तिच्या नावाचं आणखी एक उद्यान आहे, दोन्हींची गल्लत करू नका. नकाशात ‘साउथ स्ट्रीट, ऑबर्न, न्यूयॉर्क’ बघून निघा, नाहीतर सहा-सात तास दक्षिणेला पोचाल. जायच्या आधी वेळा बघून घ्या, आणि तिथला माणूस माहिती सांगायला लागला की मधे बोलू नका. मामांनो, हे तुम्हाला.

यात मराठी माणसाचा काही संबंध?

आहे, आणि बहुतेकांना तो ठाऊक नसतो. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना, हे शाळेत कानावरून गेलेलं असतं. दुसरा धागा याहून जवळचा.

आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६च्या वसंतात फिलाडेल्फियाला आल्या आणि मग पावणेतीन वर्षं अमेरिका फिरल्या. बोस्टनमध्ये त्यांच्या नावाची मंडळी जमली, वर्गणी जमली, आणि त्यातून १८८९मध्ये मुंबईला शारदा सदन निघालं. याच मुक्कामात त्यांची हॅरिएटशी गाठ पडली. आपल्या मुलीला, मनोरमेला, लिहिलेल्या पत्रात रमाबाईंनी तिची गोष्ट सांगितली आहे. हॅरिएट अजून काम करते, तिचं स्वतःचं एक छोटं घर आहे, तिथे ती आणि तिचा नवरा आपल्या लोकांसाठी मिळून राबतात, असं त्यात आहे. म्हणजे लिलावाच्या आठ-नऊ वर्षं आधीचा, पाटी नसलेला तो आश्रम एका मराठी बाईच्या पत्रात नोंदलेला आहे.

त्याच पत्रात पुढे आहे की हॅरिएट अंगाने दणकट, तिने अस्वलासारखी मिठी मारली, आणि हात हातात घेऊन इतका हलवला की रमाबाईंचा छोटासा हात दुखायला लागला.